आप्पांना कोण सांगणार?

दिनू, तुझी ती बाटली मी ओतून टाकणार होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकशील. नाहीतर तुझी सवय मला माहीत आहे. मी काही सांगायला लागले की अर्ध्यात तोडून "अक्का, मुद्द्यावर ये" म्हणायचास. आता तोडायला तू नाहीस, तरी मी घाई करतेच आहे. धाकटा भाऊ गेल्यावरही मोठ्या बहिणीची धास्ती जात नाही, हे मला नव्यानेच कळतंय.

आप्पांना काल विमानात बसवून दिलं. तुझा कलश त्यांनी सामानात देऊ दिला नाही, मांडीवर घेऊन बसणार म्हणाले. बेदाण्याचा हंगाम तोंडावर आलाय, जायलाच पाहिजे, असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. अजमानचं हे आमचं दोन खोल्यांचं घर कधी मोकळं वाटेल असं मला वाटलं नव्हतं, पण आज वाटतंय. शिवणाच्या मशीनखालची जागाही मोकळी आहे. तिथे तुझी बाटली होती, आणि तिच्या भीतीने मी तुझ्यासाठी धड रडलेसुद्धा नाही. रडायला बसले की डोळ्यांसमोर तू यायच्या आत ती बाटली यायची.

तू ती आणलीस तो बुधवार आठवतो ना? फोन करून म्हणालास, "अक्का, तुझ्यासाठी कुकर घेऊन येतोय. जड आहे." मला लगेच कळलं, खोक्यात कुकर नाही, कारण भावाने बहिणीला कुकर आणावा असा काही सण जवळ नव्हता. दुबईहून आमच्याकडे यायचं तर मधे शारजा ओलांडावं लागतं, आणि शारजात पूर्ण दारूबंदी, गाडीत बाटली सापडली तर सरळ आत टाकतात, असं सगळेच सांगायचे. तू ट्रॅफिकमध्ये अडकला होतास तेवढा वेळ मी खिडकीत उभी राहून रामरक्षा म्हणत होते. वाईनसाठी रामरक्षा म्हणणारी बाई माझ्याआधी कुणी झाली असेल असं वाटत नाही. तू आलास तो हसतच. आप्पांच्या पाया पडलास, खोकं माझ्या हातात दिलंस आणि हळूच म्हणालास, "आडवी ठेव. उन्हापासून लांब."

"आणि आप्पांपासून?"

"आप्पांसाठीच आहे ती."

माझ्या हातून कुकर पडायचाच राहिला.

आपल्या आप्पांना दारूचं नाव काढलेलं चालत नाही, हे तुला मी काय सांगायचं. बापूकाका आपल्याच बागेच्या बांधावर सापडला, तेव्हा तू सहावीत होतास. सख्खा धाकटा भाऊ पिऊन पिऊन गेला, आणि तेराव्यानंतर आप्पांनी गळ्यात माळ घातली. त्या माळेवर हात ठेवून त्यांनी आपल्या दोघांनाही काही विचारलं नाही, काही शपथा घातल्या नाहीत. त्यांना वाटलं, पोरांनी डोळ्यांनी बघितलंय, बास झालं. तासगावात द्राक्षं पिकवायची, रॅकवर वाळवून बेदाणा करायचा, आणि त्यातला पहिला द्रोण देवापुढे ठेवायचा. आप्पांचं द्राक्षाशी एवढंच नातं. त्यांच्या मुलाने आखातात जाऊन द्राक्षाच्या दारूचा जाणकार म्हणून नाव काढावं, ही कल्पना त्यांच्यापुढे मांडायची कशी? इथे आलास तेव्हा हॉटेलात वेटर होतास, ते आम्ही सांगितलं. मग वाईनच्या विभागात गेलास, ते सांगितलं नाही. मग माल आयात करणाऱ्या कंपनीत गेलास आणि मी फोनवर सांगायला लागले, "आप्पा, दिनू हॉटेलांना माल पुरवतो."

"कसला माल?"

"सगळाच."

"बरं," आप्पा म्हणायचे. दर शुक्रवारी हाच प्रश्न आणि दर शुक्रवारी हेच उत्तर. तुझे दाजी म्हणायचे, तू इतकी घाबरतेस की आप्पांना तुझ्या आवाजावरूनच कळेल एक दिवस. मग मी आवाजालाही घाबरायला लागले.

आपलं भांडण याच्यावरूनच. तुला सांगायचं होतं, हे मला कबूल आहे. दर सुट्टीला जाताना म्हणायचास, "अक्का, या वेळी सांगतो. इन्शाल्ला." आणि परत आलास की दोन किलो बेदाणा माझ्या टेबलावर ठेवून गप्प बसायचास. मी म्हणायचे, सांग, नाहीतर सांगू नकोस, पण मला असं मधे लटकत ठेवू नकोस. एकदा तर तू सांगायच्या तयारीनेच गेला होतास. नेमका त्याच दिवशी नाशिककडचा एक माणूस वाईनसाठी द्राक्षं विकत घ्यायला दारात आलेला. आप्पांनी त्याला चहा दिला, बाग दाखवली, आणि फाटकापर्यंत सोडायला जाऊन म्हणाले, "च्या प्यालासा, आता जावा. माझ्या द्राक्षाची दारू माझ्या डोळ्यांदेखत व्हायची न्हाई." तू तिथेच उभा होतास. परत आलास तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं. त्या वर्षी मी भांडले नाही.

एरवी मात्र तुझ्या कामाबद्दल मी तुला सोडलं नाही. "पितोस की नाही ते सांग," असं मी विचारायचे आणि तू सांगायचास, "चव घेतो आणि थुंकतो." हा कसला धंदा, दिनू? जी वस्तू लोक रांग लावून मागतात ती तोंडात घेऊन थुंकायची, आणि वर त्याचा पगार! लग्नाची स्थळं यायची तेव्हा मुलीकडच्यांना काय सांगायचं हा आणखी एक घोर. "मुलगा थुंकतो" असं सांगू का, म्हणून मी तुला चिडवलं होतं. तू खूप हसलास, पण स्थळं बघणं तेव्हापासून बंदच केलंस. कारण तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. बायकोलाही खोटं बोलायला शिकवावं लागलं असतं, हेच ना?

आणि मग तुझा तो इटलीतला म्हातारा. बेप्पे. कंपनीने तुला नोव्हेंबरात माल देणाऱ्यांना भेटायला पाठवलं होतं. वेरोनाच्या वरच्या टेकड्यांवर बेप्पे आणि त्याची मुलगी किआरा, दोघंच मिळून अमारोने नावाची लाल वाईन करतात. थोडीच करतात, म्हणून सगळ्या जगाला हवी असते. मला वाईनमधलं काही कळत नाही, पण ती गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मी तिथे जाऊन आल्यासारखी आहे. बेप्पेने तुला दारातच सांगितलं की दुबईला एक बाटली देणार नाही. वाळवंटात माझी वाईन उकळेल, म्हणाला. तू म्हणालास, नका देऊ, पण माळा तरी दाखवा. कारण तुला कुणीतरी सांगितलं होतं की ते लोक द्राक्षं तोडून लगेच रस काढत नाहीत. माळ्यावर, बांबूच्या रॅकवर, ती महिनोन् महिने वाळत ठेवतात. सुकून बेदाण्याच्या वाटेवर आली की मग त्यांची वाईन.

जिन्यापाशी तू बूट काढलेस. मुद्दाम नाही, सवयीने. आपल्याकडे बेदाण्याच्या शेडमध्ये चपला घालून कोण जातं? व्यापारी असो नाहीतर तलाठी, आप्पा आधी पायाकडे बघतात. देवापुढे जाणारा माल आहे, म्हणतात. तुझ्या मोज्याला भोक होतं आणि अंगठा बाहेर आला होता. किआराने विचारलं, हे काय करताय, वर बर्फासारखी फरशी आहे. तू सांगितलंस, आमच्या गावी वाळणाऱ्या द्राक्षांत कुणी जोडे घालून जात नाही, माझे वडील तंगडं मोडतील. ती हे बापाला इटालियनमध्ये सांगेपर्यंत तू अर्ध्या जिन्यात होतास. वर कोपऱ्यातल्या खिडकीपाशी थांबलास, नाक वर केलंस आणि म्हणालास, इथे बुरशी धरायला लागलीय. बेप्पेने रॅक उपसले. सापडली. तू वळून बघितलंस तर म्हातारा स्वतःचे बूट हातात घेऊन उभा होता. दुबईला त्या वर्षीपासून खोकी यायला लागली.

ही गोष्ट सांगताना तुझा आवाज बदलायचा, आणि मला भीती वाटायची. तुला तिकडे दुसरे आप्पा मिळालेत, आणि त्यांना खरं सांगता येतं, हे मला दिसत होतं. म्हणून मी दर वेळी फणकाऱ्याने म्हणायचे, "मोजे तरी धड घालून जायचे होतेस."

आप्पा इथे यायला तयार झाले तेव्हा मला वाटलं, आता काही खरं नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी मुग्धाला विचारलं, "काय गं, आजाला वळखलंस का?" आणि आमची लेक म्हणाली, "ऑफकोर्स, आजोबा." पुढचे दिवस तू रोज संध्याकाळी कामावरून सरळ इकडे यायचास. आपण त्यांना घेऊन खालच्या मलबारी दुकानात गेलो होतो. इराणी बेदाण्याचं उघडं पोतं बघून आप्पांनी मूठभर उचलला, तळहातावर चोळला, डोळे मिटून हुंगला आणि म्हणाले, "सावलीत वाळवलाय, बरा हाय. पर पोतं दमट जाग्याला ठेवलं व्हतं." दुकानदार म्हणाला, "क्या बोलता अंकल?" तू माझ्याकडे बघितलंस. मला तेव्हा ते बघणं कळलं नाही. कळलं ते बुधवारी, कुकर आणलास तेव्हा, स्वयंपाकघरात.

"शुक्रवारी सुट्टी, गोडाऊन रिकामं असतं. आप्पांना तिथे नेतो. ही उघडतो आणि नुसता वास घ्यायला देतो. प्यायचं नाही काही. अमारोनेला बेदाण्याचा वास असतो, अक्का. आप्पांनी तो घेतला की मला काही सांगावंच लागणार नाही."

"वेडा आहेस तू. आणि त्यांना नुसती दारू आली वासाला, तर?"

"तर मग सांगेन."

"काय सांगशील?"

तेवढ्यात आप्पांनी बाहेरून हाक मारली आणि तू गेलास. आपलं शेवटचं भांडण तिथे तुटलंय, दिनू. मी रोज त्या स्वयंपाकघरात उभी असते आणि रोज तेच विचारते.

गुरुवारी दुपारी दुबईतल्या रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये बेप्पेचा माल उतरवून घेताना तू पडलास. ज्याने फोन केला तो म्हणाला, "सिस्टर, ही इज नॉट गेटिंग अप." बास, एवढंच. त्यानंतरचं मला सांगायचं नाही. ते तुझ्या देहाचं होतं, कागदांचं आणि शिक्क्यांचं होतं. गावाला न्यायचं का, असं तुझ्या दाजींनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "बाप हितं हाय. मग लांब कशाला?" इथेच त्यांनी तुला अग्नी दिला. चाळीशीतल्या मुलाला म्हाताऱ्याने. मी बघितलं ते, आणि तेव्हासुद्धा, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात होतं की कंपनीतली माणसं जमलीत, त्यांतलं कुणी आप्पांजवळ जाऊन काही बोलायला नको.

मग सुरू झालं आप्पांचं विचारणं. आधी विचारायचे ते फोनवर होतं. आता ते हॉलमध्ये बसलेले असत, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि त्यांच्या पायाशी शिवणाचं मशीन, आणि मशीनखाली चिंध्यांच्या गठ्ठ्यामागे तू ठेवायला लावलेली बाटली, आडवी, उन्हापासून लांब.

"नेमकं काय करायचा गं त्यो?"

"माल, आप्पा. हॉटेलांना."

"एवढी गोरी-काळी माणसं आली. सुटाबुटातली. एक बाई तर रडत व्हती. माल पुरवणाऱ्यासाठी?"

"सगळ्यांशी चांगला होता ना."

"व्हय," म्हणायचे, आणि माळेवरून बोट फिरवत राहायचे. मला वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, मुलगा एकदा गेलाय तेवढा पुरे. हे ऐकून त्यांच्या मनातून गेला, तर तो पुन्हा जाईल, आणि या वेळी माझ्या तोंडाने. बापूकाकाचं नाव आजही ते घेत नाहीत. उद्या तुझंही घेणार नाहीत, ही भीती मला जेवू देत नव्हती. तू मात्र सुटलास. तुझा राग येतो, तो याचाच.

त्यातच किआराचा फोन आला, तुझ्या मोबाइलवर. माझं इंग्रजी तोकडं आणि तिचं माझ्याहून थोडं बरं. कंपनीने तिला कळवलं होतं. ती म्हणाली, पापांना सांगितलं तेव्हा ते नुसते उठले. जिन्यापाशी गेले, बूट काढले आणि अनवाणी माळ्यावर जाऊन बसले. खाली यायला तयार नव्हते. "युवर फादर, ही नोज दिस? अबाउट द शूज?" तिने विचारलं. मी म्हटलं, येस, येस. आप्पा समोर होते. कुणाचा फोन, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ऑफिसचा. असं एका मिनिटात दोन भाषांत खोटं बोलून मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. तेवढंच काय ते तुझ्यासाठी रडणं झालं.

बाहेर आले तेव्हा ठरवून टाकलं होतं. बाटली ओतायची. घरात नसली की भीती नाही. आप्पा जातील, हंगाम करतील, त्यांच्या मनातला दिनू जसाच्या तसा राहील, आणि मी जन्मभर गप्प बसेन, मला सवय आहे. एका बुधवारी दुपारी मुग्धा शाळेत, दाजी कामावर, आप्पा जेवून हॉलमध्ये आडवे झालेले. तुझ्या सामानातला तो बूच काढायचा स्क्रू घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. किती सोपं करून दाखवायचास तू! माझ्याकडून बूच अर्धं तुटलं. उरलेलं उलथन्याच्या दांड्याने आत ढकलायला गेले तर भसकन उडाली, ओट्यावर, भिंतीवर, माझ्या साडीवर. मी घाबरून बाटली सिंकवर आडवी धरली. थोडी गेली असेल नसेल, तेवढ्यात वास आला.

दिनू, मी तुला नेहमी म्हणायचे ना, तुझ्या शर्टाला पिणाऱ्यासारखा वास येतो? ते खोटं होतं. तुझ्या शर्टाला हाच वास यायचा, आणि हा मला लहानपणापासून माहीत होता. मार्चच्या दुपारी शाळेतून येताना शेडच्या वळणावर यायचा तोच. त्याच्या आड दारूचाही होता, नाही कशाला म्हणू. पण पहिला हाच आला. मी हात तसाच धरून उभी राहिले.

आणि बाहेरून आप्पांचा आवाज आला. झोपेतला, जुना, तासगावच्या घरातला आवाज.

"कोण बेदाणा घिऊन आलंय गं?"

दार ढकलून ते आत आले. आधी नाकाने शोधत होते, मग डोळ्यांनी बघितलं. माझी साडी, ओटा, सिंकवर धरलेली बाटली. मग पुढे झाले आणि माझा हात मनगटाशी धरून बाटली उभी केली.

"सांडू नगंस. कुणाचा तरी माल हाय."

मग मी सांगितलं. सगळं एका दमात, उलटंसुलटं. दिनू हे विकायचा आप्पा, हाच त्याचा माल, द्राक्षाची, पण आधी वाळवतात, आपल्यासारखीच रॅकवर, तो सांगणार होता, शुक्रवारी सांगणार होता. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मधेच त्यांनी विचारलं, "प्यायचा?"

"थुंकायचा."

"म्हंजी?"

"चव घ्यायचा आणि थुंकायचा. तेच काम होतं. देवाशपथ, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लहान होऊन गेले. "मग मेला कशानं?"

इतके दिवस ते काय धरून बसले होते ते मला तेव्हा समजलं. मशीनखाली काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्या रडणाऱ्या बाईला बघून, सुटाबुटाला बघून, माझं अडखळणं ऐकून, त्यांनी मनाशी बापूकाकाला पुन्हा बांधावर बघितलं असणार. आणि विचारायची हिंमत त्यांनाही झाली नव्हती. घाबरट मी एकटीच नव्हते या घरात. "हृदय बंद पडलं आप्पा. आजोबांचं पडलं तसंच. डॉक्टरांनी लिहून दिलंय. दारूचा संबंध नाही. थेंबाचाही नाही."

त्यांनी मान हलवली. बाटलीच्या तोंडाजवळ नाक नेलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "दमट न्हाई लागलेला." मग बाहेर जाऊन बाल्कनीत बसले, माझ्याकडे पाठ करून.

संध्याकाळी जेवले नाहीत. गुरुवारीही नीट बोलले नाहीत. मुग्धाने विचारलं, "आई, इज ही अँग्री?" दाजी म्हणाले, वेळ दे. मी वेळ कसली देतेय, मी दर पाच मिनिटांनी पडद्याआडून बघत होते की त्यांनी माळ काढून ठेवलीय का, सामान बांधायला घेतलंय का, ते रडतायत का. बाटलीवर मी वाटी पालथी घालून ठेवली होती. तिच्याकडे ते बघत नव्हते.

शुक्रवारी सकाळी उठले ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून हॉलमध्ये उभे. "चला. त्येची जागा दाखवा मला."

दाजींनी गाडी काढली. शारजा ओलांडताना आज गाडीत काही नव्हतं तरी मी रामरक्षा म्हणत होते, या वेळी कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. रास अल खोरला गॅरेजांची, वर्कशॉपची शटरं सगळी बंद. कंपनीला फोन करून ठेवला होता, वॉचमनने छोटं दार उघडलं. आतून गार हवा आली. दिवे लागले आणि लांबच लांब रॅक दिसले, छतापर्यंत, खोक्यांनी भरलेले. तू पडलास ती जागा वॉचमनने बोटाने दाखवली. तिथे बेप्पेची खोकी अजून उतरवून ठेवली तशीच होती.

मी आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढी दारू त्यांनी जन्मात बघितली नसेल. आता वळतील, मला वाटलं. आता "चला" म्हणतील आणि पुन्हा कधी तुझं नाव काढणार नाहीत.

आप्पांनी उंबरठ्यापाशी खाली बघितलं, भिंतीचा आधार घेतला आणि चपला काढल्या. दोन्ही जुळवून दाराशी ठेवल्या. बेप्पेच्या बुटांची गोष्ट त्यांना मी सांगितली नव्हती, दिनू. अजूनही सांगितलेली नाही.

"बाबाजी, चप्पल पहनो, फर्श ठंडा है," वॉचमन म्हणाला.

"असू दे," आप्पा म्हणाले, आणि रॅकमधून चालायला लागले.

मीही काढल्या. दाजींनी बूट काढले. फरशी फार गार होती, दिनू.